स्वादुपिंड पुन्हा वाढतं म्हणे! पण कुणाचं?

"स्वादुपिंड पुन्हा वाढतं, हे आता शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं आहे. मधुमेह मुळापासून बरा होतो." या अर्थाचा मजकूर मोबाईलवर आला नाही असा मधुमेही आज सापडणं कठीण. सोबत एखाद्या परदेशी विद्यापीठाचं नाव असतं, सूक्ष्मदर्शकातून काढलेला रंगीत फोटो असतो आणि खाली चूर्णाची, काढ्याची नाहीतर नव्वद दिवसांच्या 'कोर्स'ची जाहिरात असते.

गंमत अशी की विद्यापीठाचं नाव पुष्कळदा खरं असतं. फोटोही खरा असतो. फक्त दोन गोष्टी गाळलेल्या असतात: तो प्राणी कोणता होता आणि त्याचं वय काय होतं. त्या दोन गोष्टी जागेवर ठेवल्या की जाहिरातीचा सगळा डोलारा कोसळतो. डोंगर पोखरून उंदीर काढणारे आपण पाहिले आहेत. इथे एक उंदीर पोखरून त्यातून आश्वासनांचा डोंगर काढला जातोय.

माझा राग उंदरांवरच्या संशोधनावर नाही. ते संशोधन फार मोलाचं आहे. राग आहे तो ते अर्धवट कापून विकणाऱ्यांवर. म्हणून आधी त्या उंदरांनी नक्की काय शिकवलं ते पाहू.

आधी स्वादुपिंड ओळखू या

जठराच्या मागे आडवी पडलेली, मोठ्या माणसात साधारण ८० ते १०० ग्रॅम वजनाची ही ग्रंथी. तिचा बहुतेक भाग पाचकरस बनवण्याचं काम करतो. इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी या ग्रंथीत विखुरलेल्या छोट्या छोट्या पुंजक्यांत राहतात. असे पुंजके असतात दहा लाखांच्या आसपास, पण सगळे मिळून त्यांचं वजन स्वादुपिंडाच्या एक-दोन टक्केच भरतं.

हे प्रमाण लक्षात ठेवा. 'स्वादुपिंड वाढलं' आणि 'बीटा पेशी वाढल्या' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रॅट जातीच्या उंदरांना कच्च्या सोयाबीनचं पीठ खायला घातलं तर त्यांचं स्वादुपिंड चांगलंच मोठं होतं. पण वाढतो तो पाचकरसाचा भाग. इतकंच नव्हे, तर हा आहार दीर्घकाळ चालू ठेवल्यावर त्या उंदरांच्या स्वादुपिंडात गाठी आणि कर्करोगही आढळले. (आपण सोयाबीन शिजवून खातो आणि शिजवल्यावर त्यातला त्रासदायक घटक बराचसा निकामी होतो, तेव्हा घरातलं सोयाबीन फेकू नका.) मुद्दा एवढाच की एखादा अवयव आकाराने वाढला, म्हणजे आजार बरा झाला असं होत नाही.

पिल्लाच्या पोटात काय घडतं?

प्रयोगशाळेतल्या उंदराचं पिल्लू जन्मतं तेव्हा जेमतेम एक-दीड ग्रॅमचं असतं. तीन आठवड्यांनी त्याचं आईचं दूध सुटतं. दोन महिन्यांत ते वयात येतं आणि वीस ग्रॅमच्या पुढे जातं. एवढं शरीर सांभाळायचं तर इन्सुलिनचा कारखानाही त्याच वेगाने वाढायला हवा, आणि तो वाढतो. जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत बीटा पेशी भराभर विभागतात. जाहिरातीतले फोटो अनेकदा अशाच कोवळ्या स्वादुपिंडाचे असतात.

दूध सुटतं तेव्हा आणखी एक बदल होतो. आईच्या दुधात स्निग्धांश भरपूर असतो. त्यानंतरच्या दाण्यांत पिष्टमय पदार्थ जास्त. या बदलाबरोबर बीटा पेशी पक्व होतात, रक्तातली साखर वाढली की नेमकं इन्सुलिन सोडायला शिकतात. थोडक्यात, आधी संख्या वाढते, मग हाताला काम लागतं.

पण या नव्या पेशी येतात कुठून? बरीच वर्षं अनेकांना वाटायचं की स्वादुपिंडात कुठेतरी मूळपेशींचा साठा दडलेला असणार, गरज पडली की त्यातून नव्या बीटा पेशी निघत असणार. २००४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात डग्लस मेल्टन यांच्या प्रयोगशाळेत युवाल डोर आणि सहकाऱ्यांनी याचा छडा लावला. त्यांनी उंदरांच्या बीटा पेशींवर कधीही न पुसली जाणारी जनुकीय खूण केली. नव्या पेशी दुसरीकडून येत असत्या तर कालांतराने बिनखुणेच्या पेशींचं प्रमाण वाढलं असतं. तसं झालं नाही. म्हणजे नवी बीटा पेशी जन्मते ती मुख्यतः जुन्या बीटा पेशीच्याच विभाजनातून.

आपल्या स्वयंपाकघरात बघा. दही लागायला विरजण लागतं. दूध कितीही चांगलं असलं, भांडं कितीही स्वच्छ असलं, तरी विरजणाचा थेंबच नसेल तर सकाळी भांड्यात दूधच असतं. बीटा पेशींचं तसंच आहे. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

म्हाताऱ्या उंदराचंही वाढत नाही

आता वयाकडे या. तरुण उंदराच्या स्वादुपिंडाचा काही भाग कापला, किंवा औषध देऊन त्याच्या काही बीटा पेशी मारल्या, तर उरलेल्या पेशी जास्त विभागून थोडीफार भरपाई करतात. पण वय झालेल्या उंदरांवर हेच प्रयोग केल्यावर भरपाई जवळपास थांबलेली दिसली. २००९ मध्ये अमेरिकेतल्या दोन वेगवेगळ्या गटांनी हे दाखवलं.

हा भाग एकाही जाहिरातीत मला दिसलेला नाही. पंचावन्न वर्षांच्या काकांना 'तुमचं स्वादुपिंड पुन्हा वाढेल' म्हणून सांगणाऱ्याने एवढं तरी कबूल करावं, की जे म्हाताऱ्या उंदरालाही जमत नाही ते तो काकांकडून करून घ्यायला निघाला आहे.

आणि माणसाचं?

माणसाच्या बाबतीत ही खिडकी फार लवकर बंद होते. इतर कारणांनी मरण पावलेल्या अर्भकांची, मुलांची आणि तरुणांची स्वादुपिंडं तपासून २००८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं, की बीटा पेशींचं विभाजन तान्हेपणी सर्वाधिक असतं आणि त्यानंतर वेगाने उतरतं. मोठ्या माणसात विभागत असलेली बीटा पेशी शोधून काढावी लागते.

२०१० मध्ये तर एक विलक्षण युक्ती वापरली गेली. गेल्या शतकात पन्नास-साठच्या दशकांत उघड्यावर अणुचाचण्या झाल्या आणि वातावरणात किरणोत्सारी कार्बन वाढला. तो त्या काळात जन्मलेल्या पेशींच्या डीएनएत जाऊन बसला. त्यावरून पेशीचं जन्मसाल काढता येतं. या पद्धतीने पाहिलं तेव्हा माणसात तिशीनंतर नव्या बीटा पेशी जवळजवळ बनत नाहीत असं दिसलं.

शस्त्रक्रियेचा पुरावाही तेच सांगतो. गाठीमुळे किंवा इतर आजारामुळे ज्या प्रौढांच्या स्वादुपिंडाचा मोठा भाग काढावा लागला, त्यांच्या उरलेल्या भागात नव्या बीटा पेशी वाढल्याचं आढळलं नाही. नातेवाइकाला अर्धं स्वादुपिंड दान करणाऱ्या निरोगी माणसांपैकी काहींना पुढे मधुमेह झाला. स्वादुपिंड सहज वाढत असतं तर असं झालं नसतं.

याशिवाय उंदीर म्हणजे छोटा माणूस नव्हे. आपल्याकडे इन्सुलिनचं एक जनुक, त्याच्याकडे दोन. पेशींच्या पुंजक्यांची रचनाही वेगळी. उंदराचं आयुष्य दोनेक वर्षांचं, आपल्या बीटा पेशींना मात्र दशकानुदशकं तग धरायची असते.

मथळे आणि त्यांचं पुढे काय झालं

२०१३ मध्ये मेल्टन यांच्याच प्रयोगशाळेने जाहीर केलं, की 'बीटाट्रोफिन' नावाच्या संप्रेरकामुळे उंदरांतल्या बीटा पेशींच्या विभाजनाचा वेग सरासरी सतरा पट वाढला. जगभर मथळे झळकले. दुसऱ्याच वर्षी दुसऱ्या गटाने दाखवलं, की हे जनुक काढून टाकलेल्या उंदरांतही बीटा पेशी नेहमीसारख्याच वाढतात. माणसाच्या बीटा पेशींनी तर त्याला दादच दिली नाही. मेल्टन यांनी प्रयोग पुन्हा करून पाहिले, आणि २०१६ च्या अखेरीस शोधनिबंध मागे घेतला.

मला यात मेल्टन यांची फजिती दिसत नाही, प्रामाणिकपणा दिसतो. विज्ञान असं चालतं. आता सांगा, आजवर किती चूर्णवाल्यांनी आपली जाहिरात मागे घेतली?

२०१७ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या वाल्टर लाँगो यांच्या गटाने दाखवलं, की उपवासासारख्या आहाराच्या फेऱ्यांनी मधुमेही उंदरांत बीटा पेशी पुन्हा तयार झाल्या. संशोधकांनी तेव्हाच बजावलं होतं, की डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय हे घरी करू नका. आपल्याकडे ती सूचना गळून पडली आणि मथळा तेवढा फिरला. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना चार-चार दिवस उपाशी राहिलं, तर स्वादुपिंड वाढण्याआधी साखर धोकादायकरीत्या खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडेल.

गुडमारच्या पानांचंही तसंच. १९९० मध्ये भारतीय संशोधकांनी मधुमेही केलेल्या रॅट उंदरांत त्याचा अर्क देऊन बीटा पेशी वाढल्याची शक्यता मांडली. शोधनिबंधाच्या शीर्षकातच 'शक्यता' होती. जाहिरातीत तिची 'खात्री' झाली. अशा प्रयोगांत उंदरांना मधुमेह होतो तो मुळात स्ट्रेप्टोझोटोसिन नावाच्या विषारी औषधाने. हेच औषध रॅटच्या नवजात पिल्लांना दिलं तर त्यांची साखर खूप वाढते आणि काही दिवसांत आपोआप बरीचशी खाली येते. कोणतंही चूर्ण न देता! कारण पिल्लाचं स्वादुपिंड तसंही वाढीलाच लागलेलं असतं. आणि तीच पिल्लं मोठी झाली की त्यांचं इन्सुलिन पुन्हा कमी पडतं.

"पण आमच्या मेव्हण्यांच्या गोळ्या सुटल्या, त्याचं काय?"

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला सरळ उत्तर द्यायला हवं. टाइप २ मधुमेहात, विशेषतः पहिल्या काही वर्षांत, वजन चांगलं उतरवलं तर अनेकांच्या गोळ्या खरोखर सुटतात. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' अभ्यासात सहा वर्षांच्या आतला मधुमेह असलेल्या, इन्सुलिन न घेणाऱ्या लोकांना काही महिने दिवसाला साडेआठशेच्या आसपास कॅलरींचा आहार देखरेखीखाली दिला. वर्षाच्या शेवटी ४६ टक्के लोकांची साखर गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली होती. दोन वर्षांनी हे प्रमाण ३६ टक्के होतं.

पण इथे घडलं काय? यकृतातली आणि स्वादुपिंडातली जादा चरबी उतरली, साखरेचा मारा कमी झाला आणि दमून गप्प बसलेल्या बीटा पेशी पुन्हा कामाला लागल्या. झोपलेल्या उठल्या, मेलेल्या जन्मल्या नाहीत. ज्यांचा मधुमेह असा मागे हटला त्यांचं आक्रसलेलं स्वादुपिंड एमआरआयमध्ये काहीसं मोठं झालेलंही दिसलं. ही आनंदाची गोष्ट आहे. पण आपण वर पाहिलं, की आकाराचा बहुतेक हिस्सा पाचकरसाच्या भागाचा असतो. त्यावरून नव्या बीटा पेशी बनल्या असं म्हणता येत नाही.

तेव्हा मेव्हण्यांचं अभिनंदन जरूर करा. त्यांनी चूर्णही घेतलं असेल आणि बारा किलो वजनही उतरवलं असेल, तर श्रेय कुणाला द्यायचं एवढं मात्र नीट ठरवा. आणि तपासणी चालू ठेवायला सांगा, कारण वजन परत वाढलं की साखरही परत येते.

टाइप १ मध्ये हा जिवाशी खेळ आहे

जाहिरातीत 'मधुमेह' एवढंच लिहिलेलं असतं, टाइप १ की टाइप २ ते कधीच नसतं. माझ्या दृष्टीने हा यातला सगळ्यात मोठा गुन्हा. टाइप १ मध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच बीटा पेशी मारत असते. उद्या चार नव्या पेशी बनल्या तरी त्यांच्यावरही तोच हल्ला होणार. अशा मुलाचं इन्सुलिन बंद केलं, तर काही दिवसांतच, कधीकधी चोवीस तासांतच, रक्तात आम्ल साठतं. उलट्या, पोटदुखी, जोरजोरात चालणारा श्वास, तोंडाला फळासारखा वास, मग गुंगी. वेळेवर रुग्णालयात पोहोचलं नाही तर मृत्यू. जानेवारी १९२२ मध्ये टोरोंटोत चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनला इन्सुलिन टोचलं गेलं, त्याआधी जगभरातल्या अशा मुलांचं हेच होत होतं. शंभर वर्षांपूर्वीचं ते मरण आज आपण एका डब्याच्या मोबदल्यात विकत घ्यायचं?

आणखी एक सापळा आहे. टाइप १ चं निदान होऊन इन्सुलिन सुरू झाल्यावर काही मुलांमध्ये काही आठवडे किंवा महिने इन्सुलिनची गरज खूप कमी होते. उरलेल्या पेशींना थोडी उसंत मिळालेली असते. नेमकं त्याच वेळी कुणीतरी चूर्ण सुचवलेलं असतं. आईवडिलांना वाटतं, गुण आला. मग इन्सुलिन बंद होतं. पुढचं सांगायला नको.

टाइप १ साठी आशाच नाही असं मुळीच नाही. प्रयोगशाळेत मूळपेशींपासून तयार केलेल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी रुग्णांना देण्याची चाचणी सुरू आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांत पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ जणांपैकी १० जण वर्षभरानंतर इन्सुलिनशिवाय होते. पण त्या पेशी शरीराबाहेर बनवलेल्या आहेत आणि त्या टिकवायला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात. त्या औषधांचे धोके वेगळे. खरी प्रगती अशी दिसते: किती रुग्ण, काय दिलं, किंमत काय मोजली, सगळं उघड.

उंदराच्या पिल्लाचा खरा धडा

मला सगळ्यात जास्त चीड येते ती या गोष्टीची, की पिल्लांनी शिकवलेला खरा धडा या गोंगाटात कुणाच्या कानावरच पडत नाही. तो धडा असा: बीटा पेशींची पुंजी आयुष्याच्या अगदी सुरुवातीला जमते. आईच्या पोटात आणि जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत. त्यानंतर ती फक्त जपायची असते.

बेल्जियममधल्या संशोधकांनी १९९० मध्ये दाखवलं, की गाभण रॅट उंदरीला प्रथिनं कमी दिली तर पिल्लांच्या बीटा पेशी कमी विभागतात आणि त्यांचे पुंजके लहान राहतात. १९९२ मध्ये हेल्स आणि बार्कर या ब्रिटिश संशोधकांनी मांडलं, की पोटात असताना झालेली आबाळ पुढे टाइप २ मधुमेहाला वाट करून देते. आणि हा विषय आपल्या दारातला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या बाळांच्या मानाने बरीच हलकी, पण त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण मात्र तुलनेने जास्त. दिसायला किडकिडीत आणि आतून चरबीचं हे शरीर पुढे मधुमेहाकडे झुकतं.

आता आपल्या घरांकडे बघा. आजोबांच्या 'स्वादुपिंड वाढवणाऱ्या' डब्यावर दर महिन्याला हजारो रुपये जातात. त्याच घरात पाच महिन्यांची गरोदर सून सगळ्यांची पानं उरकल्यावर, उरलंसुरलं घेऊन जेवायला बसते. ज्याचं स्वादुपिंड वाढणं शक्य नाही त्याच्यावर खर्च, आणि जे या क्षणाला खरोखर वाढतंय त्याच्या वाट्याला उरलेली आमटी! तिच्या ताटात डाळ, उसळ, दूध, अंडं, पालेभाजी वाढा. तिचं हिमोग्लोबिन आणि साखर तपासून घ्या. बाळाला सहा महिने निव्वळ आईचं दूध द्या, नंतर घरचं वरचं अन्न. गुटगुटीत दिसावं म्हणून बिस्किटं आणि साखरेची पेयं कोंबू नका.

पुढचा मेसेज आला की

आयसीएमआरच्या २०२३ च्या अभ्यासानुसार देशात दहा कोटींहून जास्त मधुमेही आहेत. म्हणजे हा बाजार लहान नाही आणि मेसेज येतच राहणार. तेव्हा चार प्रश्न विचारा.

१. प्रयोग माणसांवर झाला की उंदरांवर?
२. त्यांचं वय काय होतं, आणि मधुमेह कोणता, टाइप १ की टाइप २?
३. आकार वाढला, पेशी वाढल्या की फक्त साखर उतरली?
४. सांगणारा शेवटी काही विकतोय का?

१९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्यात ज्या आजारांवर उपचाराची जाहिरात करायला बंदी आहे, त्या यादीत मधुमेहाचं नाव आहे. म्हणून 'मुळापासून बरा करतो' अशी जाहिरात दिसली तर तिची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करा. नुसती पुढे ढकलू नका, गंमत म्हणूनही नाही. तुमच्यासाठी गंमत असते, कुणाच्या घरात तेवढ्यावर इन्सुलिन बंद होतं.

इन्सुलिन किंवा गोळ्या कमी करायच्या असतील तर तो विषय तुमच्या डॉक्टरांकडे काढा. लाजू नका, घाबरू नका. टाइप २ असेल तर वजन, चालणं, झोप आणि ताटातला भात-पोळीचा वाटा यांवर मन लावून काम करा. आहेत त्या बीटा पेशींवरचा भार त्यानेच हलका होतो. तिशी उलटलेल्या माणसाकडे जेवढं विरजण आहे तेवढंच आहे. ते सांभाळा.